लांब सुराची तक्रार

चष्म्याच्या दुकानाला लागून एक अरुंद लाकडी जिना वर जात असे. वर डाव्या हाताला दार, दारावर 'श्रवण तपासणी' अशी पाटी आणि पाटीखाली चिकटवलेला कागद: 'बेल ऐकू येत नसेल तर सरळ आत या.' लोक हसतात म्हणून तिथल्या मालकाने तो कागद दोनदा काढला होता आणि कान तपासणाऱ्या बाईंनी तो दोनदा परत लावला होता. त्यात गंमत काहीच नव्हती. बेल वाजते आहे की नाही हे न कळल्यामुळे म्हातारी माणसं खरोखरच जिन्यात ताटकळत उभी राहायची.

बाई त्या खोलीत एकोणीस वर्षं काम करत होत्या. आजूबाजूला त्यांना सगळे 'कानवाल्या बाई' म्हणत. एका कोपऱ्यात जाड दाराची, आवाज न शिरणारी कपाटाएवढी खोली होती. तिच्यात माणूस बसवायचा, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून टूं, कूं, पीं असे बारीक-मोठे आवाज सोडायचे. ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं. मग कागदावर रेघ उमटे. कुठला आवाज पोचतो आणि कुठला हरवला, हे त्या रेघेवरून कळायचं. त्याप्रमाणे मशीन निवडायचं, कानाचा साचा घ्यायचा, कॉम्प्युटरला जोडून ते जुळवायचं.

दिवसभर असलं टूं-टूं केल्यावर घरी त्यांना शांतता लागे. गाण्याशी त्यांचं वैर नव्हतं, नुसती ओळख नव्हती. ऑपेराशी तर गाठ पडली ती लहानपणी. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई सुट्टीच्या दुपारी रेडिओवर ऑपेरा लावत, आणि बाईंचे वडील वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणत, "कुणीतरी वर जा रे. त्या बाईचा पाय दारात अडकलाय." एवढंच त्यांचं संगीतशिक्षण.

आणि अशा बाईंच्या वाट्याला कोरसवाले काका आले.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, उंच, ताठ. चाळीस वर्षं शहरातल्या ऑपेराच्या थिएटरात कोरसमध्ये गायलेले. म्हणजे मुख्य गायक पुढे उभे राहून प्रेम करतात, मरतात, तेव्हा मागे जो घोळका गातो त्यात. मागची रांग, डावीकडून तिसरे. "तीनशे वेळा सैनिक झालो," ते सांगत, "एकदाही लढाई जिंकलो नाही. कैदी झालो, कोळी झालो, एकदा तर समुद्र झालो."

दोन्ही कानांना मशीन बसवून चार महिने झाले होते आणि ते पाचव्यांदा तक्रार घेऊन आले होते. मालकाने सकाळीच बाईंना बजावलं होतं, "त्यांच्या नादी लागू नका. वय झालं की माणसाला काहीतरी खुपतंच. गोड बोला आणि वाटेला लावा."

बाईंनी ऐकून घेतलं. ऐकावं जनाचं, करावं मनाचं, हा त्यांचा धंद्यातला नियम होता.

"काका, बोलणं नीट ऐकू येतं ना?"

"उत्तम. इतकं उत्तम, की सून आतल्या खोलीत फोनवर माझ्याबद्दल काय बोलते तेही कळायला लागलंय. तेवढ्याची गरज नव्हती."

"मग अडचण काय?"

"बाई शेळीसारखी गाते."

"कोणती बाई?"

"कोणतीही."

आधीच्या चार खेपांना बाईंनी हे हसण्यावारी नेलं होतं. आवाज थोडा कमी केला होता, थोडा वाढवला होता. या खेपेला त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "ऐकवा मला. तुम्ही जे ऐकता, तेच."

काकांनी खिशातून फोन काढला, टेबलावर ठेवला आणि एक गाणं लावलं. बाईंना ऐकू आलं ते असं: पुष्कळ वाद्यं आणि त्यांच्या डोक्यावर चढून ओरडणारी एक बाई. शेळी मात्र कुठे दिसेना. मग त्यांनी काकांच्या उजव्या कानातलं मशीन काढून घेतलं आणि त्याला तपासायची नळी लावली. डॉक्टरांच्या गळ्यात असते तसलीच ही नळी. एक टोक मशीनला आणि दुसरी दोन आपल्या कानांत, म्हणजे मशीन आत काय सोडतंय ते आपल्याला ऐकता येतं.

"परत लावा."

गाणाऱ्या बाईने एक सूर धरला. सुरुवातीला सरळ होता. एखादा सेकंद गेला आणि तो थरथरायला लागला, मग त्याला बाजूने दुसरीच एक बारीक शिट्टी चिकटली आणि दोन्ही मिळून शेळीसारखं बें-बें करू लागले. सूर संपला, साधे शब्द आले आणि सगळं पुन्हा ठीक.

बाईंनी ते तीनदा ऐकलं. मग नळी काढून ठेवली.

"काका, तुमचं बरोबर आहे."

मुलगा, घरचे डॉक्टर, मालक आणि चार खेपांना या बाईसुद्धा, सगळ्यांनी काकांना 'सवय होईल' असं सांगितलं होतं. त्यांनी पाठ खुर्चीला टेकवली. पाच खेपांत ते पहिल्यांदाच असे बसले.

बाईंनी समजावून सांगितलं. अशी मशीनं मधूनच शिट्टी मारतात, म्हणून त्यांच्यात शिट्टी दाबणारा एक पहारेकरी बसवलेला असतो. लांब, सरळ, एकसारखा आवाज आला की पहारेकरी समजतो, ही आपलीच शिट्टी, आणि तिच्या मुसक्या बांधायला धावतो. माणूस बोलताना इतका लांब सूर कधीच धरत नाही, त्यामुळे बोलण्यात हा घोटाळा होत नाही. मशीन बनवणाऱ्यांच्या डोक्यात बोलणं होतं, गाणं नव्हतं.

"म्हणजे जितकी चांगली गाणार, तितकी लवकर पकडली जाणार," काका म्हणाले.

"अगदी."

"मग त्या पहारेकऱ्याला हाकलून द्या."

"हाकलला तर मशीन खरंच शिट्टी मारेल. थोडा हाकलावा लागेल, बाकीचंही बरंच सैल करावं लागेल. किती ते बघायला हवं. तुम्हाला गाणं कसं ऐकू यायला हवंय?"

"जसं असतं तसं."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "ते कसं असतं, हेच मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

तिथून सगळं सुरू झालं. काकांनी एका ऑपेराचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं आणि बाईंनी तो फोनवर शोधून काढला. लांबी दोन तास पन्नास मिनिटं. गोष्ट एका बंदरातल्या दोन बहिणींची. थोरलीचं ज्या खलाशावर मन बसलंय, त्याच्याशीच धाकटीचं लग्न ठरतं, आणि लग्नाचा पोशाख शिवायला घेते थोरलीच. बाईंनी भांडी घासताना तो लावला. खाली अक्षरांत शब्दांचा अर्थ उमटत होता, पण हात साबणात असताना वाचणार कोण? हात पुसून वाचायला लागल्या तर ऐकणं राहून जाई. शेवटी मुलीच्या शिकवणीचे व्हिडिओ बघताना करत तसं त्यांनी वेग दीडपट केला आणि तरीही दुसऱ्या अंकात खुर्चीतच त्यांना डुलकी लागली.

नवरा कामावरून आला तेव्हा ऑपेरा चालू होता आणि बायको घोरत होती. "अगं, दोघींपैकी एकीला तरी बंद कर," तो म्हणाला. तो बॉयलरच्या कारखान्यात फोरमन होता. पंचवीस वर्षं पत्रा, हातोडा, ग्राइंडर. स्वतः कानांची तपासणी करून घ्यायला मात्र तो कधी तयार नसे. दिव्याखाली अंधार, असं बाई म्हणत आणि विषय सोडून देत.

पुढच्या भेटीत बाईंनी काकांना खरं ते सांगून टाकलं. "मला कंटाळा आला. झोप लागली."

काका मुळीच रागावले नाहीत. "अर्धा वेळ मलाही येतो. दुसऱ्या एका ऑपेरातल्या लढाईत तर मी उभ्या उभ्या झोपलोय. पण कुठल्या गाण्याला झोप लागली?"

"नक्की नाही सांगता येणार. दीडपट वेगाने लावलं होतं."

काकांचा चेहरा पडला. "दीडपट? अहो, त्या बाईने श्वास कुठे घ्यायचा?"

झोप लागली याचं त्यांना काही नव्हतं, हे मात्र फार लागलं. जरा सावरल्यावर त्यांनी उलट्या बाजूने शिकवायला घेतलं. सगळा ऑपेरा नको. आधी गोष्ट नीट वाचा, पुढे काय होणार ते माहीत असू दे. इथे कुणी रहस्य उलगडायला येत नाही. मग एकच जागा घ्या, दुसऱ्या अंकातली पोशाख शिवतानाची, बारा मिनिटांची. ती तीनदा ऐका. एकदा शब्दांसाठी. एकदा गाणारी सोडून नुसत्या वाद्यांसाठी. आणि एकदा फक्त ती श्वास कुठे घेते त्यासाठी.

"आणि भांडी?" बाईंनी विचारलं.

"भांडी नंतर."

बाईंनी ते एखाद्या कामासारखं केलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाड दाराच्या खोलीत स्वतःच जाऊन बसल्या, दार ओढून घेतलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एवढंच कळलं, की थोरली धाकटीला म्हणते आहे, किती छान दिसशील, मला किती आनंद झालाय. दुसऱ्यांदा वाद्यं ऐकली आणि त्या दचकल्या. वरती आनंद-आनंद चाललेला आणि खाली वाद्यांत एक जड, ओढत ओढत चालणारी चाल, मुळीच आनंदाची नसलेली. तोंडाने एक आणि मनात एक! हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि अक्षरांत कुठे लिहिलेलंही नव्हतं. समोर बसून 'मला सगळं ऐकू येतं' असं हसत हसत सांगणारी माणसं त्यांनी एकोणीस वर्षं पाहिली होती. असल्या आवाजाची त्यांना चांगलीच ओळख होती.

तिसऱ्या खेपेला त्या श्वास मोजत बसल्या. एका जागी थोरली 'सुखी राहा' एवढंच म्हणते, पण तो शब्द सोडतच नाही. बाईंनी नकळत स्वतःचा श्वास धरून ठेवला. त्यांचा संपला, गाणारीचा संपेना. बाई खोकत दार उघडून बाहेर आल्या, तर समोर मालक उभे.

"तब्येत बरी आहे ना?"

"काम करतेय," बाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात त्याच बारा मिनिटांत आणखी एक गोष्ट त्यांना सापडली, आणि ती काकांनीही सांगितलेली नव्हती. या गाणाऱ्यांच्या पुढे माईक नसतो. साठ-सत्तर वाद्यं वाजत असतात आणि एकट्या गळ्याने त्यांच्यावरून मागच्या भिंतीपर्यंत पोचायचं असतं. ते पोचतं कसं? बाईंनी गाणं कॉम्प्युटरवर घेतलं, आवाजाचा आलेख काढला. वाद्यांचा जोर खालच्या, जाड आवाजांच्या भागात होता. वर एका ठरावीक पट्टीत वाद्यं विरळ होत गेली होती, आणि बरोबर त्याच मोकळ्या जागेत गाणारीचा आवाज डोंगरासारखा उभा होता. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो याच पट्टीत. म्हणजे ही बाई ओरडत नव्हती. गर्दीतून वाट कुठे मोकळी आहे हे तिला माहीत होतं, आणि ती तिथून चालली होती.

मग त्यांनी काकांचा कागद शेजारी ठेवला. काकांची रेघ त्याच पट्टीत खाली घसरली होती.

त्या दिवसापासून मशीनचं काम भराभर पुढे गेलं. बोलण्याचं सेटिंग तसंच ठेवून त्यांनी दुसरं, गाण्याचं वेगळं सेटिंग केलं. पहारेकऱ्याला जवळजवळ बाहेर काढलं. हळू आवाज वाढवायचा आणि मोठा दाबायचा, ही मशीनची खोड सैल केली, कारण गाण्यात हळू ते हळूच राहायला हवं आणि मोठं ते मोठं. पहिल्या प्रयत्नात मशीनने अशी किंकाळी फोडली, की खालून चष्मेवाला वर धावत आला. कानातला साचा सैल पडत होता. बाईंनी काकांच्या कानात लगदा भरून नवा साचा घेतला. तो होऊन यायला दहा दिवस लागले. नव्या साच्यावरही दोन बैठका गेल्या. तिसऱ्या बैठकीत काका त्या खोलीत डोळे मिटून बसले आणि बाईंनी बाहेरून पोशाखाचं गाणं सोडलं. थोरलीने तो लांब शब्द धरला, ताणला, सोडला.

काकांनी डोळे उघडले. बाई दारात उभ्या होत्या.

"ही बाई शेवटी सुरापेक्षा जराशी खाली उतरते," काका म्हणाले. "पूर्वीही उतरायची. मी मागेच उभा असायचो." आणि ते इतके खूश दिसत होते, की बाईंना दुसरं प्रशस्तिपत्रक नको होतं.

थिएटरात मात्र बाई अजून गेल्या नव्हत्या. तो ऑपेरा रविवारी दुपारी लागला तेव्हा काकांनी दोन जागांची चिठ्ठी आणून दिली. जुन्या ओळखीवर मिळालेल्या, अगदी वरच्या मजल्यावरच्या, खांबाशेजारच्या. "नवऱ्याला आणा. तुमच्या घोरण्याचा साक्षीदार आहे तो," ते म्हणाले. स्वतः ते दोन रांगा पुढे बसणार होते.

नवरा कुरकुरत आला. पहिल्या अंकात त्याने छताच्या झुंबरातले दिवे मोजले आणि एकशे बारा झाल्याचं कळवलं. बाईंनाही मधला बराच भाग लांबला. खलाशांनी दारू प्यायचं गाणं इतका वेळ म्हटलं, की एव्हाना ते शुद्धीवर राहणं अवघडच होतं. पण दुसऱ्या अंकात थोरली पोशाख घेऊन बसली आणि बाई पुढे सरकल्या. फोनवर शंभरदा ऐकलेली ती जागा आता हवेतून आली. तारेतून नाही, पडद्यातून नाही. एका माणसाच्या छातीतून निघून सरळ वरच्या मजल्यापर्यंत, खांबाला वळसा घालून. त्यानंतर थोरली, धाकटी, खलाशी आणि आई, चौघं एकदम गाऊ लागली. घरात चौघं एकदम बोलली की भांडण होतं. इथे चौघांचं चार तऱ्हेचं म्हणणं एकाच वेळी चाललं होतं आणि चारही कळत होती. बाईंनी आळीपाळीने एकेकाचा आवाज धरून पाहिला, मग तोही नाद सोडला आणि सगळं एकत्र अंगावर येऊ दिलं.

नवरा कानाशी लागला. "ती मोठी एवढी हळू का गातेय?"

"कोण?"

"ती शिवणारी. वाद्यं ऐकू येतात, तो माणूस ऐकू येतो. तिचा आवाज उशीखालून आल्यासारखा वाटतो. घसा बसलाय का तिचा?"

थोरलीचा आवाज त्या क्षणी सबंध थिएटरात घंटेसारखा घुमत होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून 'शू' केलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. पंचवीस वर्षांच्या हातोड्याने जी पट्टी खाल्ली होती, ती कुठली असणार, हे आता कागद न काढताही त्यांना कळलं. उरलेला अंक त्यांनी नीट ऐकला नाही.

मध्यंतरात जिन्यावर त्या सरळ म्हणाल्या, "अहो, ती हळू गात नव्हती."

"मग?"

"काकांना विचारा."

काका शेजारीच उभे होते. नवऱ्याने त्यांना विचारलं. काका म्हणाले, "दहा वर्षांत इतका भरलेला आवाज मी ऐकला नाही."

टाळायची नवऱ्याची नेहमीची वाक्यं होती: कारखान्यात सगळ्यांचंच असं असतं, तूच पुटपुटतेस. त्यातलं एकही त्याने काढलं नाही. "एवढं मोठं काहीतरी चाललं होतं, आणि मला नाही आलं?" एवढंच तो म्हणाला.

मंगळवारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून लाकडी जिना चढून आला. बेल न वाजवता सरळ आत शिरला. बाईंनी त्याला जाड दाराच्या खोलीत बसवलं आणि अनोळखी माणसाला सांगतात तशाच आवाजात सांगितलं, "ऐकू आलं की बटण दाबायचं. अंदाजाने दाबायचं नाही." त्याची रेघ जिथे खड्ड्यात गेली, तिथे बाईंनी तीच खूण दोनदा तपासली, चूक निघते का म्हणून. चूक निघाली नाही.

त्याला मशीन बसलं. ऑपेरा त्याला आवडू लागला असं काही झालं नाही. मुलगी पुटपुटत नाही, हे मात्र त्याला पहिल्यांदाच कळलं, आणि पहिला आठवडाभर कागदाच्या चुरगळण्याने तो वैतागून गेला. कारखान्यातले त्याचे चार सोबती पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून जिना चढून आले. गाण्याचं सेटिंग मागत एक बासरीवाला आला, मग काकांच्या कोरसमधल्या दोन निवृत्त बायका. मालक आता येणाऱ्याला सांगतात, की गाण्याची सोय आमच्याकडे पहिल्यापासूनच आहे.

बाई रविवार दुपारचे खेळ बघू लागल्या. सगळेच त्यांना आवडत नाहीत. राजे-राण्यांचे असले तर झोप येते, आणि कुणी मरताना फार वेळ गायलं तर त्या घड्याळ बघतात. काकांच्या उजव्या कानाची रेघ पुढच्या वर्षी आणखी खाली गेली. मशीनला जेवढं शक्य होतं तेवढं बाईंनी केलं आणि बाकीचं होणार नाही, हेही सांगितलं. तेव्हापासून खेळ संपला की काका जिन्यावर थांबतात आणि विचारतात, "वरचे सूर मला नीट कळले नाहीत. कशी होती?"

मागच्या रविवारी दोन बहिणींचाच ऑपेरा पुन्हा लागला होता, थोरली नवी होती. बाई म्हणाल्या, "आवाज मोठा आहे, पण तिला श्वासाची घाई फार. तो लांब शब्द मध्येच तोडला. मला नाही आवडली."

"तोडला नाही, तिथे तोडायचाच असतो!" काका म्हणाले.

"फोनवरची नाही तोडत."

"फोनवरची चुकते."

"काका, तुम्हाला वरचं ऐकू आलं नाही म्हणता, आणि भांडता?"

"श्वास खालचा असतो. तो येतो मला ऐकू."

न्यायला आलेला नवरा दोघांचे कोट घेऊन खाली उभा होता. त्याने आपल्या कानातल्या मशीनचा आवाज कमी केला.